दोन मिनिटांची रेस, साडेतीन फ्रेमची लेन्थ

मागच्या नोंदीत मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं की आता सेटअप पक्का झाला, पुण्याच्या घोड्यांच्या रेसचा सीझन बसल्या जागी रेकॉर्ड होणार. ते वाक्य मागे घेतो. जुलैपासून आजवर जे काही झालं ते चुकांसकट खाली मांडतोय. ज्यांना फक्त "शेवटी काय वापरतोस" एवढंच हवंय त्यांच्यासाठी एका ओळीत: एफएफएमपेग (व्हिडिओ उतरवायचा प्रोग्राम), स्ट्रीम कॉपी (व्हिडिओ येतो तसाच उतरवणं), एमकेव्ही फाइल आणि यूपीएस मोडवरचा इन्व्हर्टर. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं. सोलापुरात रेसकोर्स नाही. जवळचा म्हणजे पुण्याचा, अडीचशे किलोमीटरवर. आमच्या जिल्ह्यात घोडा म्हटलं की अकलूजचा बाजार, नाहीतर वारीतलं रिंगण. पावसाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर रेस होत नाहीत, म्हणून जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत मुक्काम पुण्यात आणि मग एप्रिलपर्यंत मुंबईत. दर रेसला हुतात्मा एक्सप्रेस पकडणं खिशाला झेपत नाही आणि घरच्यांनाही, म्हणून नेटवरचं थेट प्रक्षेपण. पैसे मी लावत नाही. हे सांगून सांगून तोंड दुखलं, पण सात रस्त्याच्या टपरीवर "आज कुठलं लागतंय सांग की बे" काही सुटत नाही.

मला हवं असतं शेवटच्या ४०० मीटरचं टायमिंग, तेही प्रत्येक घोड्याचं वेगळं. जिंकणाऱ्याची वेळ निकालात येते. पण वळणावर दोन घोड्यांच्या मागे कोंडला गेलेला, वाट मिळाल्यावर सुसाट आलेला आणि तरी पाचवाच राहिलेला जो घोडा असतो, त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. तो ठेवायचा म्हणजे रेकॉर्डिंग हवं, आणि एकही फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) न गळलेलं हवं.

कारण हिशोब फ्रेमचाच आहे. १२०० मीटरची रेस साधारण ७१ सेकंदांत संपते, म्हणजे सरासरी ताशी ६१ किलोमीटर, सेकंदाला जवळपास सतरा मीटर. माझ्याकडे येणारा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा. म्हणजे एका फ्रेममध्ये घोडा जवळपास ६८ सेंटिमीटर पुढे जातो. एक लेन्थ, म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण २.४ मीटर धरली तर साडेतीन फ्रेम. दहा फ्रेम गळाल्या की तीन लेन्थ हवेत.

आता माझी पहिली चूक. जुलैच्या पहिल्या तीन रेसदिवशी मी ओबीएस नावाच्या सॉफ्टवेअरने पडदा रेकॉर्ड केला. ब्राउझरमध्ये प्रक्षेपण चालू, ओबीएस त्या खिडकीवर लावलेलं. आधी तर नुसता काळा पडदा आला. ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केल्यावर चित्र दिसायला लागलं, मी खूश. कॉम्प्युटर जुना, आय-थ्री, ८ जीबी रॅम. त्याने आधी येणारा व्हिडिओ उलगडायचा, पडद्यावर दाखवायचा आणि तोच पुन्हा गुंडाळून फाइलमध्ये भरायचा. पंखा असा ओरडायचा की आई आतून विचारायची, "मिक्सर कोण लावलंय रे?"

रेकॉर्डिंग बघायला झकास. आठवडाभर मी त्यावर टायमिंग काढून वही भरली. मग एका १४०० मीटरच्या रेसला सहज म्हणून गेट उघडल्यापासून विनिंग पोस्टपर्यंतच्या (शेवटच्या रेषेपर्यंतच्या) सगळ्या फ्रेम मोजल्या आणि २५ ने भागलं. उत्तर अधिकृत वेळेपेक्षा जवळजवळ दोन सेकंद कमी. माझ्या फाइलमध्ये सगळेच घोडे विक्रम मोडत होते! प्रोसेसर दमला की फ्रेम गळत होत्या आणि मी मोजलेल्या फ्रेमना सरसकट २५ ने भागत होतो. ओबीएसच्या स्टॅट्स खिडकीत गळलेल्या फ्रेमचा आकडा सरळ दिसत असतो. मी तिकडे पाहिलंच नव्हतं. वहीतली अकरा पानं फाडली.

माझे आजोबा मागावर होते. चादर विणताना ताण्यातला एक धागा तुटला तर कापडात उभी झिरी दिसते, चार हात लांबूनही दिसते, आणि मुकादम तिथेच बोट ठेवतो. व्हिडिओत तसं होत नाही. पाच-सहा फ्रेम गेल्या तरी अलीकडचं-पलीकडचं टोक आपोआप जुळतं आणि डोळ्याला काही कळत नाही. तेव्हापासून प्रत्येक फाइलवर पहिलं काम हेच: एका रेसची पूर्ण लांबी अधिकृत वेळेशी ताडून बघायची. पाव सेकंदापेक्षा जास्त फरक आला की त्या दिवसाचं काही वहीत जात नाही.

ऑगस्टमध्ये पद्धत बदलली. थेट प्रक्षेपण आपल्याकडे सलग येतच नाही, काही-काही सेकंदांचे तुकडे येतात. सोबत एक छोटी मजकुराची फाइल असते, एम-थ्री-यू-एट नावाची. ती म्हणजे यादी: आत्ता हे चार-पाच तुकडे तयार आहेत, घेऊन जा. प्लेअर दर थोड्या वेळाने ती यादी पुन्हा मागतो. नवा तुकडा खाली जोडला जातो, जुना वरून निघून जातो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून ठेवला की यादीचा पत्ता सापडतो. तो एफएफएमपेगला द्यायचा आणि सांगायचं की ऑडिओ-व्हिडिओ आहे तसा कॉपी कर, उलगडू नकोस. झालं. प्रोसेसर दोन-तीन टक्क्यांवर, पंखा गप्प, आणि चित्र पाठवणाऱ्याने जसं पाठवलं तसंच्या तसं. पडदा रेकॉर्ड करण्यात जो वेळ घालवला त्याचं आता हसू येतं.

दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतं. हा पत्ता रोज बदलतो, कालचा आज चालत नाही. आणि हे मी फक्त उघड्या प्रक्षेपणावर, घरी बसून अभ्यास करण्यासाठी करतो. ज्याला कुलूप आहे ते फोडायचं नाही, जे उतरवलं ते कुठे चढवायचं नाही. ते कसं करायचं हे विचारायला मला निरोप पाठवू नका.

फाइल एमकेव्हीच का, तर वीज. एमपी-फोरमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली की अनुक्रमणिका नाही, आणि साडेतीन जीबीची फाइल उघडतच नाही. माझी गेली आहे, श्रावणातल्या रविवारी, सहाव्या रेसला. एमकेव्ही तिथल्या तिथे तुटते, पण तुटेपर्यंतचं सगळं दिसतं. नंतर हवी तर मिनिटभरात एमपी-फोर करून घेता येते.

पण मुळात इन्व्हर्टर असताना कॉम्प्युटर बंद का पडला? या एका प्रश्नावर माझे दोन आठवडे गेले. ट्यूबलाइट विझत नव्हती, पंखा फिरत होता, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट. पॉवर सप्लाय बदलायला निघालो होतो, नवी पेठेत भावही काढला. बॅटरीवाला पाणी बघायला आला, त्याने इन्व्हर्टरच्या मागे हात घालून एक एवढंसं बटण दाखवलं. एका बाजूला नॉर्मल, दुसऱ्या बाजूला यूपीएस. नॉर्मलवर असलं की वीज गेल्यावर बॅटरीकडे वळायला इन्व्हर्टर क्षणभर जास्त घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. "आठ वर्षं हितंच हाय की सायेब ते," म्हणाला. बटण सरकवलं, तेव्हापासून वीज सहा वेळा गेली आणि कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

तरी एक भोक राहिलं. घरातला राउटर इन्व्हर्टरवर आहे, पण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या इंटरनेटवाल्याच्या डब्याला बॅकअप नाही. वीज गेली की दहा-पंधरा मिनिटांनी तो डोळे मिटतो. यादीत फक्त शेवटचे काही तुकडे असतात, त्यामुळे नेट पाच-दहा सेकंद गेलं तर काही बिघडत नाही, परत आल्यावर राहिलेले तुकडे मिळतात. मिनिटभर गेलं तर ते मिनिट कायमचं गेलं. सध्या फोनचा हॉटस्पॉट हाताशी ठेवून रेसच्या वेळी समोर बसतो. ही काही व्यवस्था नव्हे, पहारा आहे.

एकदा पहारा दिला नाही. लग्नाला अक्कलकोटला गेलो, रेकॉर्डिंग आपोआप सुरू होईल असं वेळापत्रक लावून. शनिवारी रात्री कॉम्प्युटरने स्वतःहून अपडेट घेतलं, रीस्टार्ट झाला आणि पासवर्डच्या पडद्यावर हात जोडून उभा राहिला. माझं वेळापत्रक "लॉगिन असेल तरच चालव" असं लावलेलं. सात रेस गेल्या. जेवणाच्या पंगतीत मी मनातल्या मनात १४०० मीटर मोजत होतो.

उशिराबद्दलही लिहायचं होतं. दाजी हडपसरला राहतात, एका रविवारी रेसकोर्सवर गेले होते. मी घरून फोनवर. ते म्हणाले, "सुटले बघ." माझ्या पडद्यावर घोडे अजून गेटात शिरत होते, एक मागे सरत होता. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही निकाल सांगू नका हं." ते कुठले ऐकतायत. ३४ सेकंदांचा फरक निघाला. तुकडे तयार होणार, साठणार, मग आपल्याकडे येणार, त्यात एवढं जातंच. टायमिंगला याने काही फरक पडत नाही, मजेला पडतो.

आता मोजणीचं. ट्रॅकवर दर २०० मीटरला खांब असतो. घोड्याचं नाक ४०० च्या खांबाशी आलं तो फ्रेम नंबर आणि विनिंग पोस्टचा फ्रेम नंबर, वजाबाकी, भागिले २५. वाचायला सोपं आहे. पण कॅमेरा प्रेक्षकांच्या स्टँडवर, खांब लांब, आणि आपण तिरकं बघतोय. आतल्या रेलला (ट्रॅकच्या कडेच्या कठड्याला) चिकटलेला घोडा आणि बाहेरून आलेला घोडा एकाच वेळी खांबाशी आले तरी पडद्यावर तसे दिसत नाहीत. म्हणून मी ०.२ सेकंदाच्या खाली जातच नाही. टीव्हीच्या चित्रावरून शतांश सेकंद लिहिणारे लोक स्वतःलाच फसवतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

"फोटो फिनिश कसं मग इतकं बारीक सांगतं" असं एकाने विचारलं होतं. तो कॅमेरा वेगळीच चीज. तो फक्त विनिंग पोस्टच्या रेषेतली एक अरुंद उभी चीर टिपत राहतो, एका सेकंदात असंख्य वेळा, आणि त्या चिरा ओळीने शेजारी शेजारी मांडतो. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जे दिसतं ते अंतर नसून वेळ आहे. चित्रातला प्रत्येक घोडा रेषेवरच आहे, फक्त वेगवेगळ्या क्षणी. म्हणून कधीकधी पाय चमत्कारिक लांबट दिसतात.

वळणाचा हिशोब मला मात्र रिंगणात सुचला. आषाढात बाजीराव विहिरीला गेलो होतो. गोल रिंगणात अश्व धावत होता आणि मी बाहेरच्या कडेला गर्दीत उभा, समोरचा एक पोरगा बाहेरून अश्वाबरोबर पळायला बघत होता. घरी येऊन कागदावर मांडलं. अर्ध्या वर्तुळाचं वळण असेल तर घोडा जितके मीटर बाहेरून जाईल त्याच्या ३.१४ पट जादा पळतो. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच. म्हणजे एकच मीटर बाहेरून गेला तरी एका लेन्थपेक्षा जास्त गेली. तीन मीटर बाहेर अडकलेला घोडा साडेनऊ मीटर जास्त पळून जर दोन लेन्थने हरला असेल, तर निकालात काहीही छापून आलेलं असो, माझ्या वहीत त्याच्यापुढे खूण आहे. या सीझनला अशा नऊ खुणा झाल्या. त्यांतले चार पुढच्या खेपेला जिंकले, तीन पार मागे पडले, दोन अजून उतरलेच नाहीत. यावरून कुणी काही ठरवू नये. पुण्याचा ट्रॅक पावसात मऊ होतो, पेनेट्रोमीटरचा (ट्रॅक किती मऊ ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा चढतो, फॉल्स रेल (तात्पुरता सरकवलेला आतला कठडा) लागते, आणि मागच्या रविवारचं टायमिंग या रविवारी लागू पडत नाही. आता प्रत्येक ओळीशेजारी पेनेट्रोमीटरचा आकडा आणि रेलची नोंद ठेवतो. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

जागेबद्दल थोडक्यात. माझ्याकडे येतो तो व्हिडिओ सेकंदाला साधारण अडीच मेगाबिटचा, म्हणजे तासाला सव्वा जीबीच्या आत. दुपारचे साडेचार तास म्हणजे पाच जीबी. त्यातून रेस कापून ठेवतो, प्रत्येक चार मिनिटांची, आणि बाकी पुसतो. कॉपी पद्धतीने कापताना तुकडा कीफ्रेमवरच (ज्या फ्रेममध्ये अख्खं चित्र साठवलेलं असतं तिच्यावरच) सुरू होतो, म्हणून गेट उघडायच्या दहा सेकंद आधीपासून कापा, नाहीतर सुरुवातच हरवते. दाजींना पूर्ण दिवस पेन ड्राइव्हवर द्यायला गेलो तर कॉपी होईना. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही. एक्सफॅट करून दिली.

इंडियन सेंट लेजर ही पुण्यातली मोठी रेस नीट मिळाली हे मात्र लिहून ठेवतो. २८०० मीटर, एकही फ्रेम कमी नाही, वेळ जुळली. रात्री ती मी पुन्हा पुन्हा मागे-पुढे करत बसलो होतो. आई दारात येऊन बराच वेळ बघत होती. "काय बघायलास रे सारखं तेच ते? घोडं गेलं की कवाच." मी तिला खुर्ची दिली आणि एका घोड्यावर बोट ठेवलं. तिने पाचेक वेळा मागे घ्यायला लावलं, मग म्हणाली, "ह्यो मागचा तांबडा बघ की, ह्याला वाटच दिली नाही कुणी." तो माझ्या यादीत नव्हता. फ्रेम मोजल्या. शेवटच्या ४०० ला तोच सगळ्यांत जोरात होता.

रविवारी सात रेस आहेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलंय, अपडेट पुढे ढकललंय, आणि आईने विचारलंय किती वाजता लागणार म्हणून.