केमोनंतरचा ताप

लहान मुलाला ब्लड कॅन्सर झाला असे कळले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न औषधाचा असतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरची मुख्य औषधे, म्हणजे व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, अ‍ॅस्परॅजिनेज आणि मेथोट्रेक्सेट, जगभर साधारण तीच आहेत. तरीही श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. उशिरा होणारे निदान हे त्याचे एक कारण आहेच, परंतु मुंबईत टाटा कर्करोग रुग्णालय असलेल्या परळ भागात अशा कुटुंबांमध्ये स्वयंसेवक म्हणून वावरताना माझे मत असे झाले आहे की, औषधाभोवतीची शुश्रूषा जिथे तोकडी पडते तिथे बरी होऊ शकणारी मुलेही हातची जातात.

केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात. वॉर्डातल्या आया त्याला ‘काउंट पडले’ म्हणतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली असताना ताप आला, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे, असा दंडक आहे. हाच दंडक आडगावी लावून पाहा: रात्री मुलाचे अंग तापते, घरात थर्मामीटर नसतो, जवळचे डॉक्टर पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी बघू’ म्हणतात, ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि रक्तातला जंतुसंसर्ग मात्र वाढत राहतो. माझ्या ओळखीच्या एका आईने फाइलच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने ‘ताप १००.४’ आणि त्याखाली वॉर्डाचा फोन नंबर ठळक गिरवून ठेवला होता. कोणत्याही दवाखान्यात शिरताच ती म्हणे, “डॉक्टर, आधी हे वाचा.”

प्लेटलेटची, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींची, गोष्ट वेगळी नाही. केमोने त्याही घटतात आणि बाहेरून द्याव्या लागतात, पण दात्याकडून घेतल्यावर त्या सुमारे पाचच दिवस टिकतात, त्यामुळे लहान गावात साठा करून ठेवता येत नाही. कुपोषित मुलाला केमोची पूर्ण मात्रा सोसत नाही, हे तर कोणीही सांगेल.

ब्राझीलमधील रेसिफे शहराचा दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे १९८० च्या दशकात याच ल्युकेमियाच्या १६ टक्के मुलांचे उपचार अर्धवट सुटत असत आणि पाच वर्षे आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण ३२ टक्के होते. मुलांसाठी स्वतंत्र कर्करोग विभाग, प्रशिक्षित परिचारिका आणि कुटुंबांना सामाजिक आधार यांची घडी बसल्यावर, १९९७ ते २००२ या काळात हेच आकडे अनुक्रमे ०.५ आणि ६३ टक्क्यांवर आले. अर्थात, केमोची पद्धतही मधल्या काळात सुधारली होती, त्यामुळे सगळे श्रेय शुश्रूषेला देता येणार नाही.

आपल्याकडे सरकारी योजनेतून उपचारांचा बराच खर्च निघतो, पण दोन-अडीच वर्षे चालणाऱ्या या उपचारांत बापाची बुडालेली मजुरी आणि मुंबईतल्या खोलीचे भाडे कोण भरणार? सेंट ज्यूड इंडियासारख्या संस्था २००६ पासून मोफत निवारा देत आल्या आहेत, पण देणगीदारांना सहसा केमोचा खर्च उचलायला आवडतो. मला कोणी विचारले, तर मी आधी रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार आणि खोलीचे भाडे मागते.