हेझी लिटल थिंग घरी: आधी डब्यातलं माप घ्या

सिएरा नेव्हाडा या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये आणलेली हेझी लिटल थिंग ही गढूळ आयपीए बिअर घरी नक्कल करायला चांगली, कारण साहित्य कंपनीनेच सांगून टाकलं आहे. अल्कोहोल ६.७ टक्के, कडवटपणा ३५ आयबीयू. धान्यात टू-रो पेल आणि म्युनिक ही बार्लीची माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), गहू आणि ओट्स. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) पाच: मॅग्नम, सिट्रा, मोझॅक, एल डोराडो, सिम्को. कशाचं किती घ्यायचं, एवढं आपण शोधायचं.

सुरुवात डब्यापासून करा. पॅकिंगची तारीख बघून ताजाच डबा घ्या. जुन्या डब्यातला हॉप्सचा वास उतरलेला असतो, आणि मग नक्कल होते ती शिळ्या बिअरची. थोडी बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून गॅस पूर्ण काढा, २० अंशांवर आणा आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण) बुडवा. समजा १.०१५ आलं. ६.७ ला १३१.२५ ने भागलं की ०.०५१ येतं, ते त्यात मिळवा. म्हणजे सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबण्याआधीची घनता) १.०६६ हवी. याच नमुन्याचा पीएच आणि रंगही टिपून ठेवा, शेवटी ताडून बघायला लागतात.

फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) साधारण २१ लिटर जाईल असा हिशोब, एफिशियन्सी (धान्यातली किती साखर पाण्यात उतरते ते) ७२ टक्के धरून: पेल माल्ट ४.९ किलो, ओट्सचे पोहे ८०० ग्रॅम, गव्हाचं माल्ट ६०० ग्रॅम, म्युनिक ५०० ग्रॅम. ओट्समुळे मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) चिकट होऊन गाळणं अडतं, म्हणून भाताचं तूस दोन मुठी घाला. क्रिस्टल माल्ट घालू नका. रंग तांबूस होतो आणि गोडवा जड लागतो.

पाण्याकडे मात्र नीट लक्ष द्या. तोंडात जो मऊपणा जाणवतो त्यात क्लोराइडचा वाटा मोठा आहे. एकूण ३२ लिटर आरओ पाण्यात १० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) आणि ४ ग्रॅम जिप्सम टाकलं की क्लोराइड १५० आणि सल्फेट ७० पीपीएमच्या आसपास येतं. प्रमाण उलटं झालं तर कडवटपणा कोरडा आणि टोकदार लागतो. २० लिटर पाण्यात ६७ अंशांवर तासभर मॅश करा, पीएच ५.३ च्या आसपास ठेवा. जास्त असेल तर लॅक्टिक आम्ल थेंबाथेंबाने. उरलेलं १२ लिटर पाणी धान्य धुवायला.

उकळी तासभर. सुरुवातीला मॅग्नम फक्त १० ग्रॅम. आच बंद केल्यावर वर्ट (धान्याचं गोड पाणी) ८० अंशांपर्यंत उतरू द्या आणि मगच व्हर्लपूलचे, म्हणजे उकळीनंतर गरम वर्टमध्ये भिजवायचे हॉप्स टाका: सिट्रा ३०, मोझॅक ३०, एल डोराडो २०, सिम्को २० ग्रॅम, वीस मिनिटं. हेच हॉप्स ९५ अंशांवर टाकले तर आयबीयू हाताबाहेर जातात आणि सुगंध वाफेबरोबर निघून जातो. उकळीअखेर २२ लिटर उरलं पाहिजे.

यीस्टसाठी लॅलेमंडचं व्हर्डंट आयपीए, ११ ग्रॅमची दोन पाकिटं, १९ ते २० अंशांवर. जर्दाळूसारखा फळांचा वास आणि भरीव चव त्यातून येते.

ड्राय हॉपिंग (आंबलेल्या बिअरमध्ये हॉप्स घालणं): सिट्रा ६०, मोझॅक ५०, एल डोराडो ४०, सिम्को २० ग्रॅम. लिटरला साधारण ८ ग्रॅम झाले, एवढे पुरे. दुप्पट टाकून सुगंध दुप्पट होत नाही. चहाच्या चोथ्यासारखा तुरटपणा वाढतो आणि बिअरही वाया जाते. आंबणं संपलं की १४ अंशांवर आणून दिवसभर यीस्ट बसू द्या, मग हॉप्स टाका आणि परत २० अंशांवर तीन दिवस ठेवा.

हे तीन दिवस वाचवू नका. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली डेक्स्ट्रिन्स (यीस्टला न पचलेले पिष्टाचे तुकडे) तोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि लोण्याच्या वासाचं डायसेटिल तयार होतं. तपासणी सोपी आहे: थोडी बिअर झाकून ६० अंशांवर अर्धा तास ठेवा, गार करून वास घ्या. लोणी जाणवलं तर अजून थांबा. ग्रॅव्हिटी स्थिर नसताना बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात.

सगळ्यात जास्त बॅच बिघडतात त्या पुढच्या टप्प्यात, केग (बिअरची धातूची टाकी) भरताना, ऑक्सिजनमुळे. सोनेरी बिअर काही दिवसांत करडी-तपकिरी पडते, फळांचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो. केग निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरा, ते कार्बन डायऑक्साइडने ढकलून बाहेर काढा आणि बंद नळीतूनच बिअर आत घ्या. फर्मेंटरचं झाकण हॉप्स टाकताना उघडावं लागलंच, तर वरून गॅस सोडत ठेवा. केग ४ अंशांवर, पाऊण बार दाबाखाली, आठवडाभर. पहिल्या दोन-तीन दिवसांत घशाला खरखरीत लागेल. हॉप्सचे कण तरंगत असतात, ते बसले की जातं. गढूळपणा मात्र राहिला पाहिजे. तो प्रथिनं आणि पॉलिफेनॉल यांच्या जोडीतून येतो. तरंगत्या यीस्टमुळे आलेला असेल तर महिनाभरात बिअर नितळ होईल. गढूळपणासाठी पीठ घालण्याचा सल्ला मिळतो, तो मानू नका.

आता ताजा डबा आणि आपली बिअर सारख्याच दोन ग्लासांत ओतून, कोणती कुठली हे न बघता चाखा. आपली पातळ लागली तर मॅश ६८.५ अंशांवर न्या. कडवटपणा मागे रेंगाळला तर व्हर्लपूल ७५ अंशांवर. संत्र्या-आंब्याचा वास कमी वाटला तर सिम्को १० ग्रॅमने कमी करून तेवढा सिट्रा वाढवा. एका बॅचला एकच बदल करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.