डिक्कीतल्या साखळ्या

गुलमर्गच्या पायथ्याशी, टंगमर्गला गाडी थांबलीच नाही, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एरवी जानेवारीत इथे सगळ्यांना उतरवायचं, चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांत बसवायचं आणि मगच वरचे तेरा किलोमीटर चढायचे. ड्रायव्हर हसून म्हणाला, "चेन तो डिक्की में सो रही है, साहब।"

2024च्या जानेवारीचा मधला आठवडा होता. म्हणजे ऐन चिल्लई कलान, 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस. थंडी हाडं गोठवणारी होती, बर्फ मात्र नव्हता. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीरला हिवाळी बर्फ देतात. त्या हंगामात त्यांनी जवळजवळ पाठच फिरवली होती.

माझ्यासोबत सव्वीस मंडळी, बहुतेक पुण्या-नाशिकची. शेवटचं वळण संपलं आणि समोर गुलमर्गचा वाडगा उघडला. तपकिरी. उन्हात वाळलेल्या गवताचा, आपल्या मार्चमधल्या माळरानासारखा. गाडीत कुणी बोलेना. मग मागून आवाज आला, "सर, तुमच्या माहितीपत्रकात हा फोटो नव्हता."

बरोबरच होतं त्यांचं. मी काय बोलणार?

गंडोलाच्या, म्हणजे इथल्या केबल कारच्या, रांगेत मी नेहमी इथली गोष्ट सांगतो, वेळ जातो. मूळ नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान युसुफ शाह चक याने त्याचं गुलमर्ग केलं, फुलांचं कुरण. जहांगीर बादशहाने इथून एकवीस जातींची रानफुलं गोळा करवली म्हणतात. पुढे इंग्रज आले ते उन्हाळ्यात, गोल्फ खेळायला. 1927 साली त्यांच्या लष्करी अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, सैन्याने जवानांसाठी स्कीइंगची शाळा सुरू केली. त्याच शाळेचं आज हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालंय. नियंत्रण रेषा जवळच आहे, तेव्हा इथलं स्कीइंग हा नुसता हौसेचा मामला नाही.

त्या दिवशी ऐकायला कुणी तयार नव्हतं. फक्त चिंचवडच्या एक आजी, मफलर कानाला घट्ट बांधलेल्या, म्हणाल्या, "म्हणजे हे गाव आधी फुलांचंच होतं की! बर्फाचं नंतर झालं." बारा वर्षं ही गोष्ट सांगतोय, पण असं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, 1998 साली सुरू झाला. दुसरा 2005चा, अफरवाट शिखराच्या खांद्यावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेणारा. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो. सुदैवाने त्या दिवशी चालू होता. वर सावलीच्या घळीत जुना, कडक, धुळकट बर्फ चिकटून होता, जेमतेम दोन खोल्यांएवढा. आमची सव्वीस माणसं आणि इतर दोनेकशे त्यावर तुटून पडली. एका काकांनी नखांनी खरवडून मूठभर काढला, बायकोच्या अंगावर फेकला आणि दुसऱ्याला म्हणाले, "फोटो काढा पटकन." भाड्याचे गमबूट घालून ते खडकांवरून घसरत होते, पण पैसे दिलेत म्हणजे घालायचेच!

खाली मला ओळखीचा स्लेजवाला भेटला. कोरड्या गवतावर स्वतःच्याच स्लेजवर बसलेला, फेरनच्या, म्हणजे लांब काश्मिरी झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी. एरवी हाच मला जीपच्या दारातच गाठतो, दरासाठी हुज्जत घालतो. आज घासाघीस नाही की हाक नाही. स्लेजची दोरी त्याने नीट वेटोळं करून ठेवली होती. मी चहाचे पैसे पुढे केले तर म्हणाला, "काम के बगैर नहीं लेता।" शेवटी आमच्या दोन मुलांना त्याने स्लेजवर बसवलं आणि गवतावरून पंधरावीस पावलं ओढलं. खरखर आवाज येत होता. मुलं हसत होती, तो हसत नव्हता. पैसे मात्र मग घेतले.

संध्याकाळी हॉटेलात तीन-चार परदेशी स्कीअर पत्ते खेळत होते. त्यांच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आमच्या मंडळींनी परताव्याचा अर्ज लिहून मला दिला, सव्वीस सह्यांचा. चिंचवडच्या आजींचीही सही होती. "फुलं आवडली हो तुमची," त्या म्हणाल्या, "पण पैसे पैसेच."

जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडला, आणि चांगला पडला. स्लेजवाल्याने व्हिडिओ पाठवला. वाडगा पांढराशुभ्र, पाइन वृक्ष वाकलेले आणि मागे त्याचं हुज्जत घालणं. मी तो जुन्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर खडकावरून घसरणाऱ्या काकांचं आलं:

"आता पाठवताय होय?"