इंदुरात रविवारी नाश्ता संपतच नाही

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघालेली अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदूरला पोचते, नेमकी पोह्यांच्या वेळेला. गाडीची वेळ ठरवणारा माणूस इंदूरचाच असणार, असा माझा जुना संशय आहे.

निघण्याआधी आतेबहिणीला मेसेज टाकला होता, "रविवारी ब्रंचला कुठे जाऊ या?" तिचं उत्तर यायच्या आत आतोबांचा फोन. "ब्रंच म्हणजे काय गं? उशिरा खायचं आणि जेवायला सुट्टी, हेच ना? मग इंदूर दर इतवारी दुसरं करतं काय!" आतोबा वयाच्या पंचाहत्तरीत आहेत, जन्म इंदूरचा, घरात मराठी. पण त्यांच्या मराठीत रविवारला इतवार म्हणतात आणि जिलबीला जलेबी.

स्टेशनावर ते स्वतः हजर. बॅगा आतेबहिणीच्या गाडीत टाकल्या आणि नवऱ्याला नि मला रिक्षात बसवलं. तेवढ्यात आत्याचा फोन: आधी घरी या, आंघोळी करा, मग काय ते फिरा. आतोबा म्हणाले, "पोहे आंघोळीची वाट बघत नसतात," आणि फोन ठेवला.

पहिला मुक्काम राजवाड्याजवळचं प्रशांत उपहारगृह. इथले उसळपोहे. खाण्याआधी मी टोपाशी जाऊन उभी राहिले, कारण इंदुरी पोह्यांचं सगळं गुपित त्या टोपाखाली आहे. खाली उकळतं पाणी, त्यावर पोह्यांचं भांडं, आणि पोहे सकाळभर त्या वाफेवरच बसलेले. आपण कांदेपोहे कढईत परततो, झाकण ठेवून एक वाफ आणतो आणि लगेच वाढतो. अर्धा तास गेला की ते कडक होतात. मग पाण्याचा हबका आणि पुन्हा गॅस. इथे शेवटच्या गिऱ्हाइकालाही पोहे पहिल्यासारखेच मऊ आणि मोकळे मिळतात. फोडणी हलकी, तेल बेताचं, बडीशेप मात्र दाताखाली येतेच. चव किंचित गोडाकडे झुकलेली. कांदा शिजवलेला नाही, वरून कच्चा. त्यावर कोथिंबीर, लिंबू, मूठभर शेव, कुठे डाळिंबाचे दाणे, कुठे खारी बुंदी. आणि सगळ्यांत शेवटी जीरावन.

या जीरावनाबद्दल सांगायलाच हवं. जिरं, धणे, बडीशेप, लवंग, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग असा हा कोरडा मसाला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. आपल्याकडे गोडा मसाला आमटीत शिरून विरघळून जातो. जीरावन शिजतच नाही, ते वरून भुरभुरायचं असतं, त्यामुळे ते आधी नाकाला कळतं आणि मग जिभेला. नवऱ्याने उत्साहाने "भिया, जीरावन तेज!" अशी ऑर्डर दिली. ('भिया' म्हणजे भैया. इंदुरात दुकानदार, रिक्षावाला, मित्र सगळेच भिया.) पुढची दोन मिनिटं तो शिंकत होता.

उसळपोहे म्हणजे याच पोह्यांवर तिखट, तर्रीदार उसळ. पाहिल्यावर वाटतं की मिसळ वाट चुकून पोह्यांत शिरलीय. पण मिसळीत फरसाण रश्श्यात भिजून मऊ पडतं, इथे पोहे रस्सा पिऊन घेतात आणि शेव वर कुरकुरीत राहते. मला साधे पोहे जास्त आवडले, उसळीखाली ती बडीशेप हरवते. आतोबांना हे मत पटलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

मग तो वाद निघालाच. पोहे कोणाचे? नवरा सांगलीचा, या विषयात त्याचा स्वाभिमान फार टोकदार. त्याचं म्हणणं, होळकरांबरोबर जे मराठी लोक माळव्यात आले त्यांनीच पोहे आणले, इंदूरने नुसती शेव टाकली. पहिला भाग इंदूरकरही मान्य करतात. इंग्रजांशी झालेल्या १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली, आणि दरबारापाठोपाठ मराठी कुटुंबं, त्यांची आडनावं, गणपती आणि स्वयंपाकघरंही आली. पण "नुसती शेव" हा शब्द आतोबांना लागला. "तुमच्याकडे पोहे पाहुण्यांसाठी करतात, मुलगी दाखवायची असली की. इथे ते कामावर जाणाऱ्या माणसासाठी असतात. फरक शेवेचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे." सांगलीकर यावर गप्प बसले. निदान तेवढ्यापुरते.

पोह्यांबरोबर जिलबी हवीच. आपल्याकडे जिलबी लग्नात मठ्ठ्याबरोबर, पंगतीत, शेवटच्या टप्प्यात येते. इथे सकाळी एका हातात पोह्यांचा द्रोण, दुसऱ्या हातात गरम जिलबीचा कागद. एक घास याचा, एक तुकडा तिचा. माझा सल्ला एवढाच की कढईतून निघताना दिसली तरच घ्या. वाटेत एका दुकानातून मी परातीतली तयार घेतली, ती गार आणि चिवट निघाली. आतोबांनी तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

पोट जरा जागेवर यावं म्हणून राजवाड्यासमोर थांबलो. सात मजल्यांचं प्रवेशद्वार, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४च्या दंगलीत आतला बराच भाग जळाला. त्याबद्दल आतोबा दोनच वाक्यं बोलले. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. बाईंचा कारभार महेश्वरहून चालायचा, तरी इंदूरकरांच्या बोलण्यात त्या घरातल्या मोठ्या सुनेसारख्या येतात. चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपर्यंत, गेलो आणि परतलो. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. २०१७पासून सलग कितीतरी वर्षं देशातलं सगळ्यांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचं नाव पहिलं आलं, त्याचा धाक नागरिकांनाही आहे. नवऱ्याने द्रोण क्षणभर कठड्यावर ठेवला, तर शेजारच्या अनोळखी काकू म्हणाल्या, "भैया, डस्टबिन उधर है."

साडेअकराला छप्पन दुकान. नाव शब्दशः खरं: न्यू पलासियातली ५६ दुकानांची रांग. २०२०मध्ये हा रस्ता नव्याने बांधला, तोही ५६ दिवसांत. आता इथे वाहनं येत नाहीत. बसायला बाकडी आहेत, आजीआजोबा आणि कॉलेजची मुलं एकाच बाकावर. खरं सांगायचं तर राजवाड्याच्या गर्दीत जी मजा आहे ती इथे थोडी कमी आहे, फारच आखीवरेखीव झालंय. पण लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाली माणसं बरोबर असतील तर सरळ इथेच या.

जॉनी हॉटडॉगचा हॉटडॉग हा काही परदेशी लांब पाव नाही. गोल बन तव्यावर खरपूस भाजलेला, मध्ये टिक्की, चटणी, कांदा. आपल्या वडापावचा माळव्यातला चुलतभाऊ. अंडं चालत असेल तर बेंजो घ्या, म्हणजे त्याच बनमध्ये ऑम्लेट. विजय चाटवरचं खोपरा पॅटिस पुणेकरांना ओळखीचं वाटेल: बाहेर बटाटा, आत नारळाचं सारण, थेट आपलं उपासाचं पॅटिस. मधुरमची शिकंजी मागवताना मात्र लिंबूसरबताची अपेक्षा ठेवू नका. इंदुरात शिकंजी म्हणजे दाट आटवलेलं दूध, सुकामेवा, वेलची. ती चमच्याने खायची की प्यायची याचा निर्णय शेवटपर्यंत होत नाही. एका पेल्यात आम्ही तिघे, तरी तळाशी उरलीच.

मुख्य सूचना हीच: माणशी प्लेट घेऊ नका. तिघांत एक घ्या, उभ्याने खा, पुढे चालू लागा. एका टेबलावर बसून मेन्यूकार्ड उघडलंत तर हे शहर हाती लागणार नाही. सराफ्यासाठी रात्री पुन्हा यायचं आहे हेही ध्यानात असू द्या. दिवसभर सोनं विकणाऱ्या त्या गल्लीत सराफांच्या दुकानांची शटरं पडली की भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा) आणि थंडीत गराडू (तळलेला कंद) सुरू होतात. आम्ही गेलो, खाल्लं. पण ते पुन्हा कधी.

दीड वाजता घरी पोचलो तर आत्याने पानं घेतलेली. वरणभात, तूप, वाटली डाळ. कोणाच्याच पोटात जागा नव्हती. आत्या काही बोलली नाही, पानं उचलायला लागली. शेवटी आतोबांनी भाताची एक मूद घेतली आणि मुकाट खाल्ली.

आत्या लग्न होऊन पुण्याहून आली, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. परतीच्या गाडीत तिने दिलेला डबा उघडला. कांदेपोहे, आपल्या पद्धतीचे, परतलेला कांदा, शेंगदाणे, वर ओलं खोबरं. नवऱ्याचा चेहरा विजयी झाला. डब्याच्या झाकणाखाली मात्र वर्तमानपत्राच्या दोन पुड्या होत्या, एकीत शेव, दुसरीत जीरावन. आत्याने पुड्या कधी दोऱ्याने बांधल्या नसत्या, ती रबर लावते. या दोऱ्याने घट्ट आवळलेल्या होत्या, दोन-दोन गाठी मारून.

सांगलीकरांनी आधी शेवेची सोडली. मग दुसरी.