फुटबॉलचा दम रंकाळ्याच्या राउंडनं येत नाही

फुटबॉलचा सीझन तोंडावर आला की कोल्हापुरात पेठापेठांतली पोरं पहाटे रंकाळा तलावाभोवती पळताना दिसतात. दोन राउंड, तीन राउंड, सगळं एका लयीत. हे पळणं वाया जात नाही. सुरुवातीचा महिनाभर त्यानं हृदयाला, पोटऱ्यांना, घोट्यांना सवय लागते. पण शाहू स्टेडियमवर सत्तराव्या मिनिटाला तोच गडी कमरेवर हात ठेवून उभा राहतो, कारण सामन्यात एका लयीत कुणीच पळत नाही. वरच्या दर्जाचा खेळाडू ९० मिनिटांत १० ते १३ किलोमीटर अंतर कापतो, त्यातलं बहुतेक चालणं आणि हलकं पळणं असतं. सामना ठरतो तो उरलेल्या थोडक्या पळण्यावर: जागेवरून सुटून मारलेली १५-२० मीटरची धाव, अचानक वळणं, हेडरसाठीची उडी, आणि पुढच्या धावेआधी मिळालेले वीस-तीस सेकंद. तेवढ्या वेळात श्वास परत मिळवता येणं हाच फुटबॉलचा दम. तो वेगळा कमवावा लागतो.

त्यासाठी माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रकार म्हणजे १५-१५. आधी एक चाचणी घ्या. मैदानाच्या कडेनं दर २० मीटरवर खूण करा आणि प्रत्येकाला ६ मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर जाता येतं ते मोजा. त्या अंतराचे ५ टक्के काढा. १५०० मीटर गेलेल्याचे ७५ मीटर, १३०० वाल्याचे ६५. एवढं अंतर १५ सेकंदांत पळायचं, १५ सेकंद थांबायचं, पुन्हा उलट दिशेनं पळायचं. असं ६ मिनिटं, म्हणजे १२ धावा. मग ३ मिनिटं चालत विश्रांती आणि दुसरा सेट. सुरुवातीला दोन सेट पुरेत. तीन आठवड्यांनी तिसरा वाढवा. मैदान अपुरं पडत असेल आणि मध्येच वळून यावं लागत असेल, तर तीन-चार मीटर कमी करा. वळताना थांबून पुन्हा सुटावं लागतं, तिथं ताकद जाते.

यात हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्यांना एकाच रेषेपर्यंत पळवणं. मग १३०० मीटरवाला पहिल्या चार धावांत फुल्ल जोर लावतो, पाचवीला मोडतो आणि उरलेला सेट ओढत काढतो. १६०० वाल्याला मात्र नीट घामही येत नाही. म्हणून ६५, ७० आणि ७५-८० अशा तीन गटांसाठी खुणेचे वेगवेगळे शंकू (कोन) लावा. शिट्टी एकच, रेषा तीन.

दुसरा प्रकार ४ मिनिटांचा. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलकं पळत, असं चार वेळा. जोर किती, तर हृदयाच्या मिनिटाला पडणाऱ्या कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्के. कमाल ठोके अंदाजानं काढायचे तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. २० वर्षांच्या पोराचे १९४ येतात, म्हणजे काम १७५ ते १८४ च्या दरम्यान. ठोके मोजणारा पट्टा किंवा घड्याळ नसेल तर बोलायला लावा. तीन-चार शब्दांपलीकडे वाक्य जात नसेल तर जोर बरोबर आहे. पहिलं मिनिट उधळून घालवू नका. ठोके वर चढायला मिनिट-दीड मिनिट लागतंच, त्यामुळं सुरुवातीला थोडं सोपं वाटणं ठीक आहे.

हेच काम बॉल घेऊनही होतं, आणि पोरांना तेच आवडतं. ४० बाय ३० मीटरची जागा, चारास चार, छोटे गोल, तीच ४ मिनिटं. अट एकच: चारही बाजूंना जादा बॉल ठेवा. गटारीत गेलेला बॉल आणायला अर्धं मिनिट गेलं की ठोके खाली येतात आणि व्यायामाचा नुसता खेळ होतो. छोट्या जागेचा एक तोटाही आहे. तिथं पूर्ण वेग कधीच गाठला जात नाही. मग महिनाभरानं मोठ्या मैदानावर विंगर एकदम सुटतो आणि मांडीमागचा स्नायू धरतो. म्हणून आठवड्यातून एकदा, ताजेतवाने असताना, ३० ते ४० मीटरच्या पाच-सहा धावा पूर्ण वेगानं घ्या. प्रत्येक धावेनंतर किमान दोन मिनिटं थांबा. घाई केली तर वेग जातो आणि ते वेगाचं काम राहत नाही.

त्याच्या जोडीला नॉर्डिक, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं आणि शेवटी हातांवर पडायचं. पहिल्या आठवड्यात ५ चे दोन सेट, तेही एकदाच. पहिल्याच दिवशी तीस केले तर चार दिवस जिना उतरता येणार नाही. सामन्याच्या आधीच्या दोन दिवसांत नॉर्डिक घेऊ नका.

तालमीच्या बैठकांबद्दल इथं बोलायलाच हवं. बैठकेनं पाय घडतात, यात वाद नाही. पण सुट्टीवरून आलेल्या पोराला शिक्षा म्हणून एकदम तीनशे बैठका लावणं धोक्याचं आहे. सवय नसलेले स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या सुजल्या, लघवी चहासारखी गडद झाली, तर घरी मालिश करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. पन्हाळ्याचा घाट चढून पळायलाही हरकत नाही, मात्र उतरताना गाडीनं या. उतारावर प्रत्येक पावलाला मांडी ब्रेक लावते, आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं.

आता रिकव्हरी. आपल्याकडं खरं नुकसान इथंच होतं. सामन्यात स्नायूंमधला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, बराच रिकामा होतो आणि पूर्ण भरायला ४८ ते ७२ तास लागू शकतात. तो भरतो भात, भाकरी, पोळी, बटाटा, केळी, गूळ यांनी. सामना जिंकल्यावर तांबडा-पांढरा होणारच, जरूर होऊ द्या. फक्त रस्सा-मटण भरपूर आणि भात चमचाभर, असं ताट नको. ६५ किलोच्या खेळाडूला सामन्यानंतर पहिले चार तास दर तासाला साधारण ६५ ग्रॅम कर्बोदकं हवीत. दोन केळ्यांतून ५० च्या आसपास मिळतात, वर २० ग्रॅम गूळ खाल्ला की तासाचा कोटा झाला. प्रथिनं एका वेळी २० ते २५ ग्रॅम: तीन अंडी आणि कपभर दूध. दूध कट्ट्यावर समोर पिळून मिळणारं म्हशीचं धारोष्ण दूध पौष्टिक खरंच, पण त्यात स्निग्धांश भरपूर, पचायला वेळ लागतो. शिवाय न तापवलेल्या दुधातून संसर्गाची भीती असते. तापवून, रात्री घ्या. सामन्याआधी तर नकोच. मिसळीचंही तेच. दुपारी सामना असेल तर तीन तास आधी भात, पातळ आमटी, थोडं दही एवढं जेवण पुरे. तर्रीवर पळायला उतरलात तर पहिल्या हाफमध्येच छातीत जळजळ सुरू होते.

पाण्याचा हिशोब वजनकाट्यानं करा. सामन्याआधी आणि नंतर, घामाचे कपडे उतरवून, वजन घ्या. ६५ चं ६३.५ झालं तर दीड किलो गेलं. प्रत्येक किलोला दीड लिटर, म्हणजे सव्वादोन लिटर, पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं प्या. सोबत मीठ हवंच. नुसतं पाणी ढोसलं तर बरंचसं लघवीवाटे जातं, आणि अति झालं तर रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, उलटी सुरू होते. हाफटाइमसाठी घरचं सरबत असं करा: १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू. यातलं २०० ते २५० मिलिलिटर घ्यावं. साखर दुप्पट केली की ते पोटात गुडगुडत राहतं. एप्रिल-मेच्या उन्हातले सामने असतील तर आधी दहा-बारा दिवस सराव दुपारच्या वेळी न्या, सुरुवातीला वीस-तीस मिनिटंच. शरीराला उन्हाची सवय तेवढ्यात लागते.

गोळे येतात म्हणून किंवा दुखतंय म्हणून सामन्याआधी दुखणं मारायची गोळी घेण्याची पद्धत बंद करा. घामानं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, आणि ओढलेला स्नायू गोळीच्या जोरावर आणखी फाटतो.

बर्फाच्या टबाचं फॅड आलंय. १० ते १५ अंशांचं पाणी, १० ते १५ मिनिटं, एवढं पुरतं. दोन-तीन दिवसांत पुन्हा सामना असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे. ताकद वाढवण्याच्या महिन्यांत रोज बसू नका, स्नायूंची वाढच मंदावते. टब नसला तरी बिघडत नाही. झोप मात्र ८ ते ९ तास हवीच.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर झोपून गुडघे वाकवा, दोन्ही गुडघ्यांमध्ये मूठ धरून जोरात दाबा. जांघेत कळ आली तर त्या दिवशी पळणं आणि शूट मारणं बंद. नुसतं अंग जड असेल तर २० मिनिटं सायकल किंवा चालणं.

स्पर्धांच्या दिवसांत चार दिवसांत दोन सामने येतात, तेव्हा मधल्या दिवसांत जोराचं काहीही घेऊ नका. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पळवून घेणं तर नाहीच. पूर्ण सामना खेळलेल्यांना तो सामनाच व्यायाम झाला. राहतात बाकावरचे. त्यांचा दम याच काळात उतरतो आणि तिसऱ्या सामन्यात उतरवलं की दहा मिनिटांत धापा टाकतात. सामना संपल्यावर बाकीचे बूट सोडत असताना या पोरांना बाजूला घेऊन १५-१५ चे दोन सेट करून घ्या, त्याच दिवशी.