पऱ्हाटीचा ढीग, नोंद २ : ट्रायकोडर्मा पहिल्या दिवशी नको

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काड्या, कुजवून खत करायची ही नोंद. ट्रायकोडर्मा ही त्यासाठी टाकायची, पाकिटात मिळणारी बुरशी. यावल तालुका, कडुलिंबाची सावली. उन्हाळ्यात पारा ४४ वर असतो. उघड्यावर ढिगाची वरची वीतभर जाडी दोन दिवसांत कोरडी पडते आणि तिथे उधई लागते.

दिवस ० : सुकी पऱ्हाटी १०० किलो, श्रेडरमधून २-३ सेंटिमीटर. केळीच्या खांबाचे काप ५० किलो, ताजे शेण ३० किलो, युरिया २ किलो, पाणी ६० लिटर. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, म्हणून वरचे पाणी कमी. युरियाचा हिशेब असा : पऱ्हाटीचे कर्ब-नत्र गुणोत्तर ७५ धरले, तर १०० किलोत ४५ किलो कर्बाला नत्र जेमतेम ६०० ग्रॅम. गुणोत्तर ३० वर आणायला आणखी ९०० ग्रॅम हवे. युरियात नत्र ४६ टक्के. मर लागलेल्या बागेतला खांब मात्र कधीच घेऊ नका. मर आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

दिवस ४ : मध्यभागी ६२ अंश. हे काम उष्णताप्रिय जिवाणूंचे. या तापात काड्यांतली गुलाबी बोंडअळीही मरते. ट्रायकोडर्माला २५ ते ३० अंश मानवतात. आज टाकला तर पाकीट वाया.

दिवस ९ : पहिली पालटी. तळाशी आंबट वास, म्हणजे हवा कोंडली. मूठ दाबून बघा : बोटांत ओल यावी, धार लागू नये. धार लागली, म्हणून कोरडी पऱ्हाटी मिसळली. अमोनियाचा वास आला तरी उपाय हाच, कारण तेव्हा नत्र जास्त झालेले असते.

दिवस २६ : ३४ अंश. आता २५० ग्रॅम ट्रायकोडर्मा, १० लिटर शेणकाल्यात, थराथरावर.

दिवस ३२ : हिरवी बुरशी सगळीकडे. केळीचे काप ओळखू येत नाहीत. पऱ्हाटीचा गाभा मात्र तसाच कडक. ट्रायकोडर्मा सेल्युलोज, म्हणजे काडीतला धाग्यांचा भाग, उत्तम खातो. याच कुळातली रीसाय जात दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर लष्कराच्या कुजत्या सुती कापडावर सापडली होती. लिग्निन, म्हणजे काडीला कडकपणा देणारा भाग, त्याच्या आवाक्याबाहेरचे. ते फोडते पांढरी कूज, म्हणजे धिंगरी अळिंबीसारखी बुरशी, आणि तिला प्राणवायू लागतो. पाणी साचले की तिचे काम थांबते.

धिंगरी याच ढिगात सोडू नका, ट्रायकोडर्मा तिला गिळतो. वेगळी तुकडी करा : २० किलो भिजवलेली पऱ्हाटीची कुट्टी, ८० अंशांच्या पाण्यात तासभर, निथळून, गार करून ४०० ग्रॅम स्पॉन (धिंगरीचे बियाणे). या उन्हात ती तग धरणार नाही. पाऊस पडून हवा ३० च्या खाली आली की ती तुकडी भरायची. तोवर चाळणीवर उरलेले कडक तुकडे पुढच्या ढिगात विरजण म्हणून जातील.