पांढऱ्या फुलाची ओळखपरेड

पावसाळ्यात पुण्याजवळच्या माळावर गवताच्या बुडाशी एक पांढरं फूल सापडलं. शर्टाच्या बटणाहून लहान, पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या, वेल जमिनीला चिकटलेली. फोटो आमच्या टेकडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, तर चहा होईपर्यंत दोन नावं हजर: ब्राह्मी आणि शंखपुष्पी.

ब्राह्मी लगेच बाद झाली. तिची पानं मांसल, समोरासमोर आणि तिला ओल लागते. ही वेल मुरमात पसरलेली, पानं गोलसर आणि एकाआड एक.

शंखपुष्पीने मात्र दमवलं. त्या नावाने बाजारात काय काय विकतात! कॉन्व्हॉल्व्ह्युलस या गटातली वेल, निळी विष्णुक्रांता, कुठे चक्क गोकर्णही. यातली पहिली दोन तर माझ्या फुलाच्याच कुळातली. फोटो वरून काढलेला, म्हणजे नुसत्या पाकळ्या. (आपण सगळेच फुलाचा चेहरा टिपतो, देठ आणि पानाची मागची बाजू कोणी बघत नाही.) मग दहापट भिंग घेऊन पुन्हा माळ गाठला, तोही सकाळी. ही फुलं एका दिवसाची, दुपारपर्यंत मिटतात.

पाकळ्या बाजूला केल्या आणि निम्मा प्रश्न सुटला. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये कुक्षीवृंत (फुलाच्या मधोमध असलेल्या स्त्रीकेसराचा दांडा) एकच असतो, टोकाला दुभंगलेला. इथे बुडापासूनच दोन निघाले होते आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे, म्हणजे एकूण चार टोकं. ही इव्हॉल्व्ह्युलस या त्याच कुळातल्या दुसऱ्या गटाची खूण. अर्थात विष्णुक्रांताही इव्हॉल्व्ह्युलसच, आणि तिची फुलं क्वचित पांढरी असतात. तेव्हा रंगाची साक्ष कामाची नाही. पण तिचं फूल केसासारख्या लांब दांड्यावर येतं, पानं अरुंद आणि लवदार असतात. माझं फूल आखूड देठावर, पानाच्या बगलेत. वेल हलकेच उचलली तर सरळ येईना, पेरापेराला मुळं धरलेली! विष्णुक्रांता अशी रुजत जात नाही. तिथे शंका संपली: इव्हॉल्व्ह्युलस नम्युलॅरियस, मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची.

नंतर वाचताना एक गंमत कळली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली हिला कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्येच घातलं होतं, १७६२ मध्ये त्यानेच ती इव्हॉल्व्ह्युलसमध्ये हलवली. आमच्या ग्रुपला किती बोल लावणार?

देठ, पेरं आणि चिरलेलं फूल असे नवे फोटो नावासकट टाकले. बहुतेकांनी अंगठे दाखवले. एक काका मात्र अडून बसले, "शंखपुष्पीच आहे ती, मी वाळवून ठेवणार." मी लिहिलं, "काका, नाव तुम्हाला हवं ते म्हणा, पण काढा तेवढा करू नका."